गेटपासून तिसरा

सुजाता कंधारकरने एका माणसाला करंट लावून मारलं, ही बातमी आपल्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरली आणि उतरता उतरता बाळसं धरत गेली. दुसऱ्या मजल्यावर नामदेवराव राहतात, एवढं सांगितलं की बातमीच्या खरेपणाबद्दल वेगळं सांगायला नको. नामदेवरावांनी तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली. निकाल लागायच्या आधी निकाल सांगायची खोड त्यांना तिथेच लागली. त्यांच्या तोंडून निघाली तेव्हा बातमी एवढीच होती, की बाईंच्या हातून कुणाला तरी शॉक बसला म्हणे. पहिल्या मजल्यावर तो माणूस मेला. तळमजल्यावर इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी पोचेपर्यंत तो सुजाताचा जुना प्रियकर निघाला. काचीगुडा स्टेशनाच्या रिक्षावाल्यांपर्यंत गेली असती, तर बाईला एव्हाना फाशीसुद्धा झाली असती.

तर खरं ते असं. कुणी मेलं नाही. सुजाताने कुणाला शॉक दिला नाही. शॉक देणं राहू द्या, तिने घरच्या फ्यूजलाही कधी हात लावलेला नाही. फ्यूज उडाला की ती नामदेवरावांना हाक मारते आणि नामदेवराव इस्त्रीवाल्याला. प्रियकराबद्दल शपथेवर सांगता येणार नाही, पण चोपन्न वर्षांत तसा कुणी जिना चढताना दिसलेला नाही, आणि आपल्याकडे जिन्यावर डोळा ठेवणाऱ्यांची काही टंचाई नाही.

मात्र एका माणसाचा उजवा हात कोपराखाली गेला, हे खरं. दुसऱ्या एका माणसाच्या नोकरीवर गंडांतर आलं, हेही खरं. आणि सुजाता तीन आठवडे ऑफिसला न जाता घरात बसून होती, दूधवाल्यालाही दार उघडत नव्हती, हेही खरं. अफवा एवढ्या भांडवलावर निघाली होती. त्या मानाने तिने बरीच मजल मारली.

मुळात सुजाता काय काम करते, हेच बिल्डिंगीत कुणाला धड ठाऊक नव्हतं. वीज गेली की लोक तिच्या दारावर थाप मारायचे. "बाई, जरा तुमच्या हापिसात फोन लावा की." ती दारातूनच म्हणायची, "अहो, मी चित्रं काढते." लोकांना वाटायचं, बाई टाळते. पण ती खरंच चित्रं काढायची.

शहराबाहेरच्या एका मोठ्या हॉलमध्ये आठ-दहा माणसं पडद्यांसमोर बसलेली असतात. पडद्यावर रेषा, रेषांवर छोटे चौकोन, चौकोनांजवळ आकडे. एक चौकोन म्हणजे दूर कुठल्या तरी सबस्टेशनातला एक ब्रेकर, म्हणजे एका लाइनचं मोठं बटण समजा. चौकोन तांबडा असेल तर लाइन चालू, हिरवा असेल तर बंद. हॉलमधल्या माणसाने चौकोनावर क्लिक केलं, की वीस-पंचवीस किलोमीटरवर लोखंडाचं एक धूड खाडकन उघडतं आणि तिकडचे पंखे थांबतात. ते चौकोन कुठे असावेत, केवढे असावेत, कुणाच्या शेजारी कोण असावा, हे ठरवायचं काम सुजाताचं. तीस वर्षं. कंपनीचं नाव तीनदा बदललं, मालक बदलले, खुर्ची तिचीच राहिली.

कामाला लागली तेव्हा पडदे नव्हते. हॉलच्या भिंतीवर मोठा फळा असायचा, त्यावर चिमुकले दिवे. सुजाता तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने त्या फळ्याचे नकाशे गिरवायची. तिला काम शिकवलं ते अविनाशराव नावाच्या एका जुन्या ड्राफ्ट्समनने. माणूस तिरसट, पान खाऊन बोलायचा, त्यामुळे मोजकंच बोलायचा. त्याचा एकच नियम होता. "गेटमधून आत शिरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी काढ. कागदावरचा नंबर बघून काढशील तर हात तोडीन."

हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. कारण मात्र साधं होतं. फीडरला, म्हणजे सबस्टेशनातून बाहेर पडणाऱ्या लाइनला, नंबर मिळतो तो ती बांधली त्या क्रमाने. जुन्या सबस्टेशनात सुरुवातीला चार लाइनी असतात आणि मध्ये मध्ये जागा मोकळ्या सोडलेल्या. पुढे वस्ती वाढली की त्या मोकळ्या जागांत पाचवी, सहावी येऊन बसते. मग गेटमधून आत शिरलं की आधी दिसते पाच नंबरची, मग एक, मग सहा, मग दोन, तीन, चार. यार्डात उभ्या असलेल्या लाइनमनला हे नंबर कोण सांगणार? पाट्या गंजलेल्या, अक्षरं उडालेली. तो कंट्रोल रूमला फोन करून सांगतो, "गेट से तीसरा बंद करो." आणि पलीकडचा माणूस पडद्यावर डावीकडून तिसरा चौकोन बंद करतो. सगळं त्यात आलं. तीस वर्षं त्यात कधी काही चुकलं नाही, म्हणून ते कुणी लिहूनही ठेवलं नाही.

सुजाता एकेका सबस्टेशनाला स्वतः गेली. गौलीगुड्याच्या बसस्टँडवरून सकाळची बस, पिशवीत डबा, छत्री आणि दोनशे पानी वही. गेटमध्ये उभं राहायचं आणि दिसेल तसं उतरवायचं. पहारेकऱ्यांना आधी वाटायचं, जमीन मोजायला आली. लाइनमन लोकांनी तिचं नाव ठेवलं, गेटवाली अम्मा. कुणी खुर्ची आणून द्यायचं, कुणी ताक. दोनशे बारा सबस्टेशनं झाली, वह्या झाल्या एकोणीस. सगळ्या मराठीत, तिच्या बारीक तिरप्या अक्षरात, "चिंचेचं झाड डाव्या हाताला ठेवून" असल्या खुणांसकट.

त्या चित्रांपुढे बसून बावीस वर्षं काम केलं ते खलील अहमदने. कंट्रोल रूममधला सर्वांत जुना माणूस, मलकपेटचा. सुजाताला तो बहन म्हणायचा आणि तिच्या चित्रांना फोटू. "मैं उधर कब्बी गया नै बहन," तो आपल्या दख्खनी हिंदीत म्हणायचा, "पन तुमारे फोटू में घुमको आतूँ. चाय पीना बस बाकी रहता."

मग वर्षा-दीड वर्षापूर्वी सगळे पडदे नवे करायचं ठरलं आणि पुण्याहून सारंग आला.

सारंगला खलनायक करायची नामदेवरावांची फार इच्छा होती. तसा तो नाही. बत्तीस वर्षांचा, गोड बोलणारा, कोंडापूरच्या सोळाव्या मजल्यावर राहणारा मुलगा. सुजाताला पहिल्या दिवशी वाकून नमस्कार करणारा. मराठी बोलायचा छान, वाचायला दिलं की कपाळावर घाम. सुजाताने मोठ्या आशेने एकोणीस वह्या त्याच्या टेबलावर ठेवल्या, तेव्हा त्याने दोन पानं उलटली आणि म्हणाला, "मॅडम, हे सोनं आहे. फक्त मला इंग्लिशमध्ये एक मेल टाकाल का याचा?"

पहिली मोठी मिटिंग रंगांवरून पेटली. सारंगने नव्या पडद्यावर चालू लाइन हिरवी केली होती आणि बंद लाइन तांबडी. सगळ्या जगात हिरवं म्हणजे चालू, असं त्याचं म्हणणं. सुजाता एरवी मिटिंगीत चहाच्या कपाचासुद्धा आवाज न करणारी बाई. पण त्या दिवशी उठली, नियमांचं पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आमच्याकडे तांबडं म्हणजे हात लावू नकोस. हे उलटं केलंत तर माणूस मरेल." खलीलने मान डोलावली, साहेबांनी पुस्तक वाचलं, रंग परत जुने झाले. सारंगने हसून हात जोडले. "मॅडम, एक-शून्य."

सगळे हसले. सुजाताही हसली. जिंकायची सवय नसलेल्या माणसाचं जे होतं ते तिचं झालं. आपल्या वाटणीचं बोलून झालं असं तिला वाटलं.

त्याच मिटिंगीत अर्ध्या तासाने, खलील ड्यूटीवर परत गेल्यावर, सारंगने दाखवलं, की आता चित्रं हाताने काढायला नकोत. सॉफ्टवेअर यादी वाचतं आणि पडदा आपोआप मांडतं. नंबरवार. एक, दोन, तीन, चार. स्वच्छ, एकसारखं, चौकोनाखाली बारीक करड्या अक्षरात फीडरचा नंबर. दोनशे बारा पडदे एका दुपारी तयार.

सुजाता म्हणाली, "पण गेटमधून बघितलं तर..."

"मॅडम," सारंग लाडाने म्हणाला, "कंप्युटरला गेट कुठून असणार?"

पुन्हा सगळे हसले. आणि सुजाता, काय सांगावं, पुन्हा त्यांच्याबरोबर हसली. पुढे ती कितीतरी दिवस हे हसू आठवून आठवून स्वतःला सोलत होती. माणूस भांडणात हरला तर पुन्हा भांडतो. हसण्यात हरला तर काय करणार?

घरी आल्यावर तिने वह्या काढून यादी केली. बहुतेक सबस्टेशनांत नंबर आणि गेटचा क्रम एकच होता, नवी असतात ती सरळ असतात. वेडीवाकडी होती ती एकतीस. चिन्नवागू, एकोणिसाव्या वहीतलं, त्यातलं एक. एकतीस नावं, प्रत्येकाचा खरा क्रम, आणि वर खाली दोन परिच्छेद इंग्रजी. तिने तीन दिवस ती मेल लिहिली. शब्दकोश घेऊन बसली. शेवटी "कृपया विचार व्हावा" याला चांगलं इंग्रजी सुचेना म्हणून मेल मसुद्यात ठेवून दिली, उद्या पाठवू म्हणून.

उद्या तपासणी लागली. नऊ दिवसांत दोनशे बारा पडदे. हॉलमधून चौकोन दाबायचा, यार्डातला माणूस फोनवर सांगणार की बरोबर तोच ब्रेकर हलला की नाही. सगळे बरोबर हलले. एकही तार चुकलेली नव्हती. प्रत्येक पडद्याच्या कागदावर सुजाताने सही केली, "तपासले, बरोबर." दोनशे बारा सह्या. चिन्नवागूच्या कागदावर सही करताना तिचा हात थांबला होता का? ती म्हणते, थांबला नाही. ती म्हणते, तेव्हा भूक लागली होती.

चार महिने काही झालं नाही. मग मे महिन्यातल्या एका रात्री वावटळ सुरू झाली, सकाळी चिन्नवागूला एका लाइनवर फांदी पडली. यादगिरी नावाचा लाइनमन, अठ्ठेचाळीस वर्षांचा, दोन लग्नाच्या मुली, त्याच यार्डात एकवीस वर्षं काढलेला, त्याने अकराच्या सुमारास फोन लावला.

"खलील भाई, गेट से तीसरा बंद करो."

खलीलने डावीकडून तिसरा चौकोन दाबला. पडद्यावर चौकट आली, "खात्री आहे ना?" ही चौकट त्याला दिवसातून शंभरदा विचारते. त्याने हो म्हटलं. चौकोन हिरवा झाला.

"होगया यादगिरी. हल्लू चढो."

बंद झाला होता तीन नंबर. गेटपासून तिसरा होता सहा नंबर, तो तांबडाच होता, पडद्याच्या उजव्या टोकाला, आपल्या बारीक करड्या आकड्यासह. यादगिरीने चढायच्या आधी तार तपासायला हवी होती, जमिनीशी जोडायला हवी होती. नियम आहे. आदल्या रात्रीपासून तो सातवं काम करत होता आणि पलीकडे खलील होता. खलीलने होगया म्हटलं की एकवीस वर्षं ते झालेलंच असायचं. तो तसाच चढला.

सुजाताला ही बातमी ऑफिसातून कळली नाही. साडेबाराला खलीलचाच फोन आला. आवाज अगदी शांत.

"बहन, चिन्नवागू का फोटू बदली हुआ क्या?"

तिने समोर पडदा उघडला. डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन.

"हो," ती म्हणाली.

"अच्छा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून तीन आठवडे ती घरी होती. कुणी तिला काढलं नव्हतं, निलंबित झाला होता खलील. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, बावीस वर्षांत एक ठपका नसलेला माणूस. चौकशी समिती बसणार होती. सुजाताने घरात बसून जबाब लिहायला घेतला. चार पानं, आणि दोन चित्रं शेजारी शेजारी, एक गेटचं, एक नंबरांचं. तिला एवढंच हवं होतं, की खलीलने चुकीचं बटण दाबलं असं कागदावर येऊ नये. त्याने तीस वर्षांच्या रिवाजाप्रमाणे बरोबर जागी बोट ठेवलं, जागा आम्ही हलवली, असं यावं. आणि ती हलतेय हे मला ठाऊक होतं, असंही यावं. म्हणून तिने न पाठवलेल्या मेलची प्रत काढून पाचवं पान म्हणून जोडली.

ऑफिसातल्या एकाला तिने फोनवर हे सांगितलं, ते सारंगच्या कानावर गेलं. एका रविवारी तो काचीगुड्यात आला. नामदेवराव जिन्यात तीनदा खाली-वर झाले, तरी त्यांना फक्त बूट दिसले. आत काय बोलणं झालं ते सुजातानेच पुढे सांगितलं.

सारंगने चहा घेतला नाही. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "मॅडम, मला झोप लागत नाहीये. खरं सांगतो. पण पाचवं पान काढा."

"का?"

"त्यात तुम्ही स्वतःच लिहून देताय की तुम्हाला माहीत होतं आणि तरी सही केलीत. उद्या कुणी कोर्टात गेलं तर पहिलं नाव तुमचं."

"येऊ दे की."

"आणि त्याने खलीलभाईंना काय मिळणार? नंबर लिहिलेला होता. त्यांनी वाचला नाही. समितीला तेवढंच दिसणार."

"तू वाचला असतास?"

सारंग खुर्चीत मागे सरकला. मग म्हणाला, "मी यार्ड कधी पाहिलंच नाही, मॅडम. मला वाचावाच लागला असता."

 सुजाताने त्याला एकोणिसावी वही आणून दाखवली, चिन्नवागूचं पान. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला. एक शब्द वाचता येत नव्हता, पण चित्र कळलं असणार, कारण जाताना त्याने वही दोन्ही हातांनी परत दिली. पाचव्या पानाबद्दल पुन्हा बोलला नाही.

समितीपुढे सुजाता नेहमीची पिवळी सुती साडी नेसून गेली. सवाल-जवाब इंग्रजीत झाले, आपल्या भाषेत त्यांचं सार एवढंच. अध्यक्ष वयस्क, सभ्य, चष्मा पुसत बोलणारे. त्यांनी चारही पानं वाचली होती, चित्रांवर पेन्सिलने खुणाही केल्या होत्या.

"पडद्यावरचा तिसरा चौकोन दाबला की तीन नंबरचाच ब्रेकर उघडतो?"

"हो."

"म्हणजे पडद्यात दोष नाही."

"जागेत दोष आहे, सर."

"चौकोन गेटच्या क्रमाने असावेत असं कुठल्या नियमात लिहिलं आहे?"

"लिहिलेलं नाही. तसं करत आलो."

"तपासणीच्या कागदावर सही तुमची?"

"माझीच. म्हणून तर सांगतेय. पाचवं पान बघा."

अध्यक्षांनी पाचवं पान उचललं. वर-खाली पाहिलं. "ही मेल कुणाला गेली?"

"गेली नाही. मसुद्यात राहिली."

"मग हा दस्तऐवज होत नाही, मॅडम," ते अगदी मायेने म्हणाले आणि पान फाइलमधून काढून तिच्याकडे परत सरकवलं. "तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. तुमचं काम बरोबर होतं."

माणसं गुन्हा नाकबूल करायला वकील करतात. इथे एक बाई पदर खोचून गुन्हा कबूल करायला आली होती आणि तिला दारातून परत पाठवलं. ते पान घडी घालून पिशवीत ठेवताना घडी नीट बसेना, म्हणून ती लिफ्टजवळ दहा मिनिटं उभी होती.

दीड महिन्याने अहवाल आला. कारण: मानवी चूक. ऑपरेटरने फीडरचा नंबर वाचला नाही, लाइनमनने तार तपासली नाही. पडद्यात दोष आढळला नाही. खलीलला सक्तीची निवृत्ती. लाइनमन लोकांना आदेश, की फोनवर गेटचा उल्लेख करू नये, नंबरच सांगावा. आणि एक सुधारणा सुचवली होती: "खात्री आहे ना?" या चौकटीनंतर आणखी एक चौकट यावी, "पुन्हा एकदा खात्री करा."

एकतीस पडद्यांचा क्रम बदलावा म्हणून सुजाताने या वेळी मेल लिहिली आणि त्याच दिवशी पाठवली. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सध्याच्या मांडणीत दोष नसल्याचं समितीने म्हटलं आहे, सबब बदलाचं कारण दिसत नाही. खाली सारंगची सही होती. त्याच्या वर आणखी दोघांच्या होत्या.

ती यादगिरीला दवाखान्यात भेटून आली. त्याची बायको बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली. यादगिरीने तिला लगेच ओळखलं. त्याला पैशाचं, नोकरीचं काही विचारायचं नव्हतं. त्याने डाव्या हाताची तीन बोटं वर केली.

"अम्मा, मैं गेट से तीसरा इच बोला था ना?"

"हो यादगिरी. तिसराच होता."

"वो लोगां बोलते मैं गलत बोला."

"नाही. तू बरोबर बोललास."

त्याने तीन बोटं खाली घेतली. ती मोसंबी ठेवून उठली.

मलकपेटला खलीलकडे जाणं ती टाळत राहिली. गेली तेव्हा तो ओट्यावर बसून कोथिंबीर निवडत होता, बायकोला मदत. तिला बघून खुर्ची पुढे ओढली, आतून चहा मागवला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती नंतर म्हणाली. त्याने बसच्या गर्दीचं विचारलं की तिच्या गुडघ्याचं, तेही तिच्या ध्यानात नाही. शेवटी तीच म्हणाली, "खलीलभाई, मी सही केली होती."

"हौ, देखा मैं," तो म्हणाला. "कायकू रोते बहन. कागज पे सब सच्चे." मग कोथिंबिरीची एक काडी हातात फिरवत म्हणाला, "एक बात बोलूँ? आंखां बंद करे तो अब्बी बी गेट से इच दिखता मेरेकू. जाता नै वो."

आदेश निघून आता बरेच दिवस झाले. कंट्रोल रूममधली पोरं सांगतात, की यार्डातला माणूस अजूनही गेटपासूनच मोजतो, फक्त आधी आवाज खाली घेतो. एकतीस पडदे होते तसेच आहेत. सुजाता कामावर परत गेली. दुसऱ्या चौकटीचं काम तिच्याकडेच आलं. गोल कोपरे, फिकट निळी पट्टी, मध्ये "पुन्हा एकदा खात्री करा", खाली हो आणि नाही. जो हात न बघता एकदा हो म्हणतो तो दोनदाही म्हणेल, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तिने चौकट नीट काढली. दोनशे बारा पडद्यांवर बसवली, तपासली आणि सही केली.

अहवालाची कुणकुण आपल्या नामदेवरावांना लागायला वेळ लागला नाही. ज्या तोंडाने बाईला खुनी केलं त्याच तोंडाने त्यांनी तिला निर्दोष सोडलं, आणि आपण हे आधीच म्हणत होतो, असंही जाहीर केलं. परवा संध्याकाळी सुजाता भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. हल्ली ती दुसऱ्या मजल्यावर थांबून दम घेते. नामदेवराव दारातच उभे होते, नेहमीप्रमाणे सहज.

"काय बाई, पेढे कुठायत? लेखी आलं म्हणे, तुमचं काम अगदी चोख. आणि तोंड तर असं, जसं काही शिक्षा झाली. अहो, सगळं बरोबर निघालं ना?"

सुजाताने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"सगळं बरोबर निघालं, नामदेवराव. एक जरी चूक निघाली असती, तर दुरुस्त केली असती."